मागून भरलेलं कपाट

मी एक कपाट बोलतोय. पुढून काचेचं, मागून फळीचं. माझा थाट बघून कुणालाही वाटेल की आत काहीतरी मोलाचं असणार. सगळा घोटाळा त्या वाटण्यातूनच झाला.

मला एका तिरसट सुताराने घडवलं. "दार एका बोटाने उघडलं पाहिजे, नाहीतर ते दार कसलं?" असं तो स्वतःशीच पुटपुटायचा. तिथून मी एका वाचनालयात गेलो. फार सुखाचे दिवस होते ते. लोक येता-जाता माझं दार उघडायचे, पुस्तक काढायचे, मधलंच एखादं पान वाचून नाक मुरडायचे आणि हमखास चुकीच्या जागी परत ठेवायचे. ग्रंथपालबाई कपाळाला हात लावायच्या. मला मात्र ती उघडझाक आवडायची.

पुढे वाचनालय बंद पडलं. मी जुन्या सामानाच्या दुकानात पडून राहिलो. तिथे कुणीतरी मला कुलूप लावलं आणि किल्ली हरवली. अशा अवस्थेत मला साहेबांनी विकत घेतलं.

त्यांना सगळे साहेबच म्हणत. ते लेखकांचे एजंट होते, म्हणजे दारावरच्या पाटीवर तसं लिहिलं होतं. खरा एजंट लेखकाचं हस्तलिखित वाचतो, योग्य प्रकाशकाकडे नेतो आणि पुस्तक विकलं गेलं की आपला वाटा घेतो. साहेब वाचायच्या आधीच फी घेत. त्याला ते 'वाचनखर्च' म्हणत.

माझं कुलूप फोडायची तसदी त्यांनी घेतली नाही. मागच्या फळीचे स्क्रू काढले, रद्दीतून आणलेले जाडजूड ठोकळे आत रचले, त्यांना चकचकीत वेष्टनं चढवली, वेष्टनांवर मनाला येतील ती नावं छापली आणि फळी पुन्हा बसवून मला भिंतीला टेकवून ठेवलं. आलेल्या माणसाची नजर माझ्यावर गेली की ते हात पसरून म्हणत, "ही सगळी आपल्याच हातून गेलेली पुस्तकं!"

एखादा चुकून विचारायचा, "बघू का एखादं?"

"अरेरे, किल्ली आज असिस्टंटकडे राहिली."

असिस्टंट नव्हताच. पण एवढं ऐकून समोरचा माणूसच ओशाळायचा. आपण भलतंच काही मागितलं, असं त्याला वाटायचं. माणसांची ही सवय मला कधी कळली नाही. फसवणारा खुर्चीत ऐसपैस बसतो आणि फसणारा संकोचाने अंग चोरतो.

एक दिवस एक बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. सोबत त्यांची नणंद होती, औषधांच्या दुकानात काम करणारी. बाईंनी कादंबरी लिहिली होती, वडिलांच्या आयुष्यावर. वडील रेल्वेत सिग्नल सांभाळायचे. आता त्यांची नजर गेली होती आणि ते अंथरुणाला खिळले होते. हस्तलिखिताचा गठ्ठा बाईंनी वडिलांच्या जुन्या हिरव्या झेंड्याच्या पट्टीने बांधून आणला होता. गाठही वडिलांनीच शिकवलेली, दुहेरी पिळाची.

नणंदेने माझ्याकडे निरखून पाहिलं. "ही नावं मी कुठल्याच दुकानात पाहिली नाहीत हो. यातल्या एखाद्या लेखकाशी बोलता येईल का?"

"ताई, आमच्या धंद्यात गुप्तता पाळावी लागते," साहेब गोड हसले.

बाईंनी नणंदेचा हात दाबला. साहेब फोनसाठी बाहेर गेले तशा कुजबुजल्या, "माणूस आपल्याला एवढा वेळ देतोय आणि तू त्याची झडती घेतेस?"

"वहिनी, खोकल्याचं औषध घेताना तुम्हीच मला तारीख बघायला लावता. आणि इथे डोळे मिटून सगळं देऊन टाकायचं?"

"पुरे गं. लाज आणतेस तू."

मी आतल्या आत तडकत होतो. पण लाकूड तडकलं तर लोक म्हणतात, हवा बदलली.

साहेबांनी सह्या घेतल्या, फी घेतली आणि वर एक सल्ला दिला. "छापून येईपर्यंत यातली एक ओळही कुणाला ऐकवायची नाही. बाहेर फुटलं तर प्रकाशक हात लावणार नाही."

"वडिलांनासुद्धा नाही? ते रोज म्हणतात, तू वाच, मी हुंकार देतो."

"त्यांना छापील पुस्तकच हातात द्या. केवढा आनंद होईल त्यांना!"

बाईंना ते पटलं. त्या गेल्या आणि साहेबांनी माझी फळी सैल करून गठ्ठा आत कोंबला, अशाच इतर गठ्ठ्यांशेजारी. त्यानंतर बाई कितीदा तरी येऊन गेल्या. दर वेळी साहेब म्हणत, "काय लिहिलंय तुम्ही! सिग्नलच्या खोलीचा प्रसंग वाचताना डोळ्यांत पाणी आलं." बाई हरखून जात. ती गाठ माझ्या पाठीत रुतत होती, जशी बांधली होती तशीच.

शेवटच्या वेळी त्या आल्या तेव्हा त्यांनी काहीच विचारलं नाही. "बाबा गेले," एवढंच म्हणाल्या. साहेबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "आता अर्पणपत्रिका बदलावी लागेल." मला आजही त्या वाक्याची किळस येते.

मग एका सकाळी साहेब पाटीसकट नाहीसे झाले. घरमालकाने बाईंना आणि नणंदेला खोली उघडून दिली. नणंदेने मला पुढे ओढलं, माझी पाठ पाहिली आणि स्क्रू काढले. ठोकळे धडाधड खाली पडले. वेष्टनांच्या आत जुनी दरपत्रकं, कुठल्या कुठल्या यंत्रांची माहितीपुस्तकं. सगळ्यात शेवटी हिरव्या पट्टीचा गठ्ठा आला.

बाईंनी गाठीवर बोट फिरवलं.

"ही माझीच गाठ आहे," त्या म्हणाल्या. "उघडलंच नाही गं त्याने. आणि मी मात्र बाबांना..."

"मी सांगत होते" असं म्हणायचा हक्क असूनही नणंदेने ते म्हटलं नाही, त्याबद्दल मला तिचा आदर वाटतो.

आता मी बाईंच्या घरी आहे. कुलूप नणंदेने काढून टाकलं. दार पुन्हा एका बोटाने उघडतं. तुमच्यापैकी कुणी लिहीत असेल, तर माझं एवढं ऐका. ज्याच्या हाती आपलं लिखाण द्यायचं, त्याचं कपाट आधी उघडून बघा. आधी कुणाची पुस्तकं त्याने मार्गी लावली ते विचारा, त्या लेखकांना गाठा. जो खरा असेल, त्याला राग येणार नाही.

संध्याकाळी बाई माझं दार उघडून गठ्ठा काढतात आणि रिकाम्या खाटेजवळ बसून वाचायला लागतात. एक परिच्छेद झाला की थांबतात, कान देतात. मी जवळच उभा असतो. मला हुंकार देता येत नाही.