अंगणवाडीसमोरचा वेग

दुर्वाची पाण्याची बाटली रस्त्यावर घरंगळली तेव्हा मी भाकरी थापत होते. मला काही कळलंच नाही. अंगणवाडीच्या शितलताई तिला काखोटीला मारून आमच्या दारात आल्या, तेव्हा कळलं. त्यांच्या एका हातात माझी चार वर्षांची लेक होती, दुसऱ्या हातात चपटी झालेली गुलाबी बाटली.

"बाटलीमागं पळाली गं. फ्रॉकच तेवढा हाताला लागला," म्हणाल्या, आणि उंबऱ्यावरच बसल्या. दुर्वा बाटलीसाठी रडत होती. चेंदामेंदा झालेल्या बाटलीवरची मनीमाऊ तिला सरळ करून हवी होती. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, "आई, टोचतंय."

शिरूरहून न्हावऱ्यावरून दौंड तालुक्यात चौफुल्याला जाणारा जो रस्ता आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना आमची कोकरेवस्ती. माझे सासरे, गेणबा आबा, सांगतात की त्यांच्या तरुणपणी मेंढरं या रस्त्यावर बसायची आणि एसटी थांबून राहायची. आता रस्ता सिमेंटचा झालाय, रुंद झालाय आणि कुणासाठी थांबत नाही. कंपन्यांच्या बसगाड्या, उसाच्या ट्रॉल्या, मालाचे टेम्पो. आमचं घर अलीकडे, अंगणवाडी पलीकडे.

शिरूरच्या कॉलेजात मी फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं. लग्नानंतर ते कुणी विचारलं नाही, मीही काढलं नाही. त्या दिवशी काढलं. न्हावऱ्याच्या अंगाला चढ आहे. चढावर गाडी पहिल्यांदा दिसते तिथपासून अंगणवाडीपर्यंतचं अंतर मोजायला टेपचं एक टोक आबांच्या हातात दिलं.

"आगं, मी मेंढरं मोजलीत जलमभर. रस्ता कवा मोजला न्हाई," आबा म्हणाले. पण टोक सोडलं नाही.

एकशेवीस मीटर भरलं. दुर्वाला रस्ता ओलांडायला दहा सेकंद लागतात. वाटेत एखादा खडा आवडला तर जास्त. सत्तरच्या वेगानं येणारी गाडी ते एकशेवीस मीटर सहा सेकंदांत संपवते. चाळीसनं आली तर अकरा सेकंद घेते. सहा आणि अकराच्या मध्ये माझी लेक चालत असते. यापेक्षा अवघड गणित त्यात नाही.

ग्रामसभेत मी हे सांगितलं. माझ्या शेजारी माझा नवरा मल्हार उभा होता. तो कंपनीची बस चालवतो, कामगारांची ने-आण करतो, त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन. "माझी पोरगी हाय तितं! गतिरोधक झालाच पायजे!" असा ओरडला की मागची माणसंसुद्धा टाळ्या वाजवायला लागली. मला त्या दिवशी त्याचा किती अभिमान वाटला होता, ते आठवलं की आज माझेच दात माझ्या ओठात रुततात.

ठराव गेला. मग रस्त्याच्या खात्याच्या सुलक्षणा मॅडम वेग मोजायला आल्या. नारिंगी जाकीट, तीन पायांचा स्टँड, त्यावर मशीन. पोपट भाऊजींच्या चहाच्या हॉटेलासमोर, रस्त्याच्या अगदी कडेला त्या दिवसभर उन्हात उभ्या राहिल्या. मी दोनदा ताक नेऊन दिलं. आणि दिवसभर बघत राहिले, तर गाड्या कशा यायच्या? लग्नाच्या वरातीसारख्या. टेम्पो सावकाश, ट्रक सावकाश, मोटरसायकलवाल्या पोरांच्या डोक्यावर हेल्मेट!

आठवड्याभरानं मॅडमचा फोन आला. "पंच्याऐंशी टक्के गाड्या एकोणचाळीसच्या आत आहेत, ताई. यावर गतिरोधक मंजूर होत नाही."

"मॅडम, मी मोजलंय. साठच्या खाली कुणी येत नाही."

"कशानं मोजलंत?"

"लाइटचे दोन खांब धरले. त्यांच्यामधलं अंतर भागिले मोबाईलवरचा वेळ."

त्या हसल्या नाहीत, हे खरं. "दोन खांबांत पन्नास मीटर असेल. तुमचा अंगठा पाव सेकंद उशिरा पडला तर आकडा किती हलेल?"

"म्हणून तर पुढं चार खांब धरले. अंतर वाढवलं की चूक कमी होते."

"बरोबर आहे. पण कागदावर आमचंच मशीन चालतं," त्या म्हणाल्या. "तोवर मुलीला मोरीतून नेत जा ना. रस्त्याखालून सुरक्षित आहे."

मोरी! आमच्या दारापासून अंगणवाडीच्या दारापर्यंत सरळ रेष ओढली तर साठ मीटर. फिजिक्सच्या भाषेत एवढंच माझ्या लेकीचं विस्थापन. आणि मोरीतून जायचं तर ओढ्यापर्यंत जा, चिखलातून वाकून पलीकडे निघा, उसाच्या बांधानं परत या. दीड किलोमीटर चालून पोचायचं साठ मीटरवरच. आणि ते कुणी चालायचं? चार वर्षांच्या पोरीनं. गाडीवाल्यांनी नुसता पाय उचलायचा होता.

फोन ठेवल्यावर मला स्वतःचाच संशय आला. खांबांमधलं अंतर पुन्हा मोजलं. वीस गाड्या पुन्हा मोजल्या. मॅडमच्या मशीनला जी वरात दिसली ती मला परत एकदाही दिसली नाही. त्या एका दिवशी रस्त्याला काय झालं होतं?

ते मला पोपट भाऊजींनी सांगितलं, तेही फुशारकीनं. मी दूध द्यायला गेले होते, तर ते काउंटरवरून म्हणाले, "वैनी, तवा एकाचीबी पावती फाटली न्हाई बघा! आपल्या मल्हारचा मेसेज लई कामाला आला."

"कसला मेसेज?"

"वस्तीच्या ग्रुपवर. 'मामा मशीन घिऊन उभे हायेत, सावकाश या.' तितनं न्हावऱ्याच्या ग्रुपवर, तितनं ड्रायवर लोकांच्या. आन् वर प्रत्येक गाडी समोरच्या गाडीला डिपरचा लाइट मारतिया. मंग कोण गावतंय?"

मी दुधाची किटली तिथंच ठेवली. झाकणसुद्धा लावलं नाही.

मल्हार घरी आला तेव्हा मी त्याला पाणीही दिलं नाही. "ग्रुपवर मेसेज तुम्ही टाकला?"

"कुठला?" म्हणाला, आणि लगेच त्याला आठवलं. तोंडावरून दिसलंच. "आगं, चढावरनं जाकीट दिसलं. मला वाटलं ट्रॅफिकचे मामा हायेत. हात आपसूक डिपरवर जातो. सवय हाय ती."

"मशीन आपण बोलावलं होतं! तुम्हीच ओरडला होतात ना, माझी पोरगी हाय तितं?"

"मंग काय मुद्दाम केलं का मी? लोकांच्या पावत्या वाचवाव्या म्हणून—"

"लोकांच्या पावत्या! अहो, दुसऱ्या दिवशी तरी कळलं असेल ना कोण होतं ते? तेव्हा का नाही बोललात?"

तो बूट काढत राहिला. एका बुटाची नाडी किती वेळ सोडावी माणसानं!

आबा ओट्यावरून म्हणाले, "आमीबी रानात लांडगा दिसला की हाळी द्यायचो समद्यांला. पर लांडगा वळखून द्यायचो रं. तू तर राखणीच्या कुत्र्यावरच हाळी दिलीस."

"आबा, तुम्ही न्हाई बोलायचं मधी," मल्हार म्हणाला.

"का? पोरगी तुजी एकट्याची हाय व्हय?"

त्या आठवड्यात माझ्या भाकऱ्या भारी फुगल्या. राग हातात उतरला की पीठ चांगलं मळलं जातं. मल्हारशी मी कामापुरतं बोलत होते. तो मात्र दुर्वासाठी रोज काही ना काही आणत होता. फुगा, कुरकुरे, मनीमाऊची नवी बाटली. दुर्वा त्याच्या मांडीवर बसून बाटलीतलं पाणी त्याच्याच तोंडात ओतायची आणि खिदळायची. ते बघून माझा राग वितळायला हवा होता. उलट वाढत होता. इतका जीव आहे तर मग हात डिपरवर कसा जातो?

मग मी दुर्वाला घेऊन एसटीनं शिरूरला खात्याच्या ऑफिसात गेले आणि मॅडमसमोर बसून सगळं सांगितलं. नवऱ्याचं नावही सांगितलं. आपल्याच घरातली घाण दुसऱ्याच्या टेबलावर ठेवताना माझे कान तापले होते. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी गाड्यांचा वेग मोजलाच नाही. मला बघून गाड्या काय करतात, ते मोजलं."

"परत या, मॅडम. जाकीट न घालता."

"मशीन परत मिळवायला मला वर भांडावं लागेल. आणि कुणालाही कळता कामा नये. घरातसुद्धा."

"घरात तर नाहीच," मी म्हणाले.

त्या भांडल्या असणार, कारण पुढच्याच आठवड्यात आल्या. स्कूटीवर, साध्या पंजाबी ड्रेसात, मशीन भाजीच्या पिशवीत. शितलताईंनी त्यांना खिचडी शिजवायच्या खोलीत नेलं. तिथल्या खिडकीतून चढ दिसतो. मॅडम डाळीच्या डब्यावर बसल्या. मी शेजारी उभी राहिले.

"इथून तिरकं धरावं लागतंय," त्या म्हणाल्या. "मशीन गाडीच्या समोरून धरायचं असतं. बाजूनं धरलं की आकडा खरा असतो त्याहून थोडा कमीच येतो."

"जास्त येतो का कधी?"

"तिरकेपणानं कधीच नाही."

मग त्या दिवशी आमचा रस्ता जसा होता तसा आला. अडुसष्ट. एकसष्ट. चौऱ्याहत्तर. प्रत्येक आकड्याला मी मनात दुर्वाचे दहा सेकंद मोजत होते आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, बरंही वाटत होतं. मी वेडी नव्हते. माझा अंगठा चुकला नव्हता. पलीकडच्या खोलीत पोरं ताटल्या वाजवत खिचडीची वाट बघत होती. त्यात दुर्वाचा आवाज सगळ्यात वरचा.

चढावर पांढरी बस दिसली. काचेवरची "येळकोट येळकोट"ची अक्षरं मीच मागच्या वर्षी चिकटवून दिली होती. नऊची पाळी कंपनीत सोडून मल्हार रिकामी बस घेऊन चौफुल्याला निघाला होता.

"बहात्तर," मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात त्यानं हॉर्न दिला. दोनदा, लाडात. पलीकडच्या खोलीतून "पप्पांची बस! पप्पांची बस!" असा चीत्कार आला आणि पावलं धावली. मी वळले तोवर दुर्वा ताटली टाकून दारात पोचली होती. शितलताईंनी पायानं दार ढकललं. पोरगी दारावर आदळली. बाहेरून बस गेली तसे खिडकीचे गज हलले.

"रोज असंच," शितलताई म्हणाल्या. "हॉर्न वाजला की हिला आवरायला एक हात राखून ठेवावा लागतो मला. त्या दिवशी बाटली पडली, तीबी ह्यातच."

मला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनाही वाटलं असेल, कशाला नवरा-बायकोत भांडण लावा.

"तुमच्या मिस्टरांची बस आहे?" मॅडमनी हळूच विचारलं.

"हो. लिहा."

"आम्ही गाडीचा नंबर घेत नाही. फक्त वेग."

"मग वेग लिहा," मी म्हणाले. "बहात्तर लिहा."

या वेळी पंच्याऐंशी टक्क्यांचा आकडा सदुसष्ट आला. अहवाल गेला. मंजुरी यायची आहे, आणि ती कधी येते हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

संध्याकाळी मल्हारला मी फक्त आकडा सांगितला. तो आधी हसला. मग म्हणाला, "मशीन चुकत आसंल. त्यात पाच-धाचा फरक आसतोच."

"असतो. खिडकीतून तिरकं धरलेलं मशीन कमी दाखवतं. म्हणजे तुम्ही बहात्तरच्या वरच होतात."

"रिकामी बस व्हती. रस्ता मोकळा व्हता. आन् मी हॉर्न देतो की रोज तितं!"

"हॉर्न ऐकून ती दाराकडे पळते."

तो हातातला फोन खाली ठेवून माझ्याकडे वळला.

"बाटली पडली ना, ती तुमच्या हॉर्नला. आता सांगा, कुणाच्या गाडीखाली गेली ती बाटली?"

मला उत्तर नकोच होतं. दुर्वा नव्या बाटलीचं झाकण दातांनी उघडत होती, तिकडे तो बघत होता.

दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. सकाळी मी दुर्वाचा हात त्याच्या हातात दिला. "आज तुम्ही सोडा."

त्यानं तिला नेहमीसारखं खांद्यावर घ्यायला उचललं. "खाली ठेवा," मी म्हणाले. "तिच्या चालीनं न्यायचं."

इतकी वर्षं तो या रस्त्यावरून दिवसातून चारदा जातोय, पण उंच सीटवर बसून. कडेला उभं राहून चढाकडे बघताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. दोन ट्रक जाऊ दिले. मग निघाला. दुर्वा बडबडत, चप्पल फटफटवत चालली होती. मधल्या पट्ट्यावर ती थांबली, वाकली. तिला काहीतरी चमकणारं दिसलं होतं.

आणि चढावर टेम्पो आला.

मल्हारनं चढाकडे बघितलं, खाली तिच्याकडे बघितलं आणि तिला दंडाला धरून असं काही ओढलं की तिची एक चप्पल तिथंच राहिली. पलीकडच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. टेम्पो दोघांसमोरून गेला. ओळखीचा ड्रायव्हर होता. त्यानं हसून हात वर केला, "काय शेठ, सुट्टी?"

मल्हारनं हात वर केला नाही.

दुर्वाला शितलताईंच्या ताब्यात देऊन तो रस्त्याच्या त्या कडेला आला. चप्पल मधल्या पट्ट्यावर पडली होती. गाडी नव्हती, तरी तो उभाच राहिला. पुन्हा पुन्हा चढाकडे बघत राहिला. आबा ओट्यावरून म्हणाले, "बोलाव की गं त्याला, किती येळ उभा ऱ्हाईल?"

मी बोलावलं नाही.