एका घोटाचा वाटा

फुसाएनं हातरुमालाची गाठ सोडून आतला चिमुकला पांढरा पेला बाहेर काढला. नर्सनं दिलेली बाटली उघडून पहिला घोट त्यात ओतला, पलंगाशेजारच्या कपाटावर नवऱ्याच्या, तेरुओच्या फोटोपुढे तो ठेवला आणि हात जोडून डोळे मिटले. बाटली तिच्या मांडीवर तशीच राहिली.

चिहारुनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा पस्तीस.

"आई, सातच्या आत संपवायचंय ते."

"ऐकलंय मी. कोनोसाननं तीनदा सांगितलं."

"मग पी ना."

"त्यांचं होऊ दे आधी."

नऊ वाजता फुसाएच्या आतड्याचं ऑपरेशन होतं. गाठ लहान होती, वेळेत सापडली होती. हल्ली म्हणे माणसाला उपाशी, गळालेल्या अंगानं टेबलावर नेत नाहीत. दोन तास आधीपर्यंत हे गोडसर पेय पाजतात, म्हणजे नंतर तो लवकर उठतो, लवकर चालू लागतो. नर्स कोनोसाननं काल चित्र काढून समजावलं होतं. सातनंतर मात्र थेंबही नाही. उशिरा प्यायलं तर नऊला भूल देता येणार नाही, आणि आजची वेळ गेली तर पुढची कधी मिळेल ते कुणी सांगू शकत नव्हतं.

पण फुसाएच्या घरी चौदा वर्षं एकच रीत होती. सकाळचा चहा असो की नव्या तांदळाचा भात, पहिला वाटा देवघरातल्या तेरुओच्या फोटोपुढे. समोर लावलेली उदबत्ती जळून संपली की त्याचं झालं. मग तिनं तोंडात घालायचं.

"इथे उदबत्ती लावू देत नाहीत," चिहारु म्हणाली. "मग त्यांचं झालं हे तुला कळणार कसं?"

"अंदाज आहे की. साधारण पंचवीस मिनिटं."

"एका घोटाला पंचवीस मिनिटं? बाबा जहाजाच्या कारखान्यात वेल्डर होते, सम्राटांकडचे पाहुणे नव्हते."

फुसाएनं डोळे उघडले नाहीत, पण तिचे गाल हलले.

"मेल्यावर माणूस निवांत होतो."

शेजारच्या पलंगावरच्या बाई पडद्यामागे खुदकन हसल्या आणि मग हसू लपवायला खोकल्या. चिहारु खुर्चीच्या कडेवर बसली. खिडकीतून कारखान्याच्या क्रेन दिसत होत्या, त्यांच्यापलीकडे समुद्राची चिंधीएवढी पट्टी. सहा बेचाळीस.

चौदा वर्षांपूर्वी, बाबांच्या वेळी, ऑगस्ट होता. तेरुओच्या पोटाचं ऑपरेशन सकाळी व्हायचं होतं. आधीचं लांबलं म्हणून ते दुपारवर गेलं, आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे आदल्या रात्रीपासून त्यांच्या पोटात पाणीसुद्धा नव्हतं. उशाशी 'तोंडानं काहीही देऊ नये' अशी पाटी टांगलेली होती. आई टॉवेल ओला करून आणते म्हणून बाहेर गेली होती. ओठांना भेगा पडलेले बाबा उठून बसले आणि म्हणाले, "चिहारु, एकच घोट. तोंडात फिरवून थुंकतो, शप्पथ." चिहारुनं पाटीकडे बोट दाखवलं. "लहान मुलासारखं काय करता," असंही म्हणाली. ते बरं म्हणून आडवे झाले. ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग झाला आणि नवव्या दिवशी ते गेले. त्या नऊ दिवसांत तोंडानं काही द्यायची परवानगी मिळालीच नाही. शेवटी रीतीप्रमाणे काडीला गुंडाळलेल्या कापसानं तिनं त्यांच्या ओठांना पाणी लावलं. ते पाणी ओठांवरच राहिलं, मग हनुवटीवरून खाली ओघळलं.

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नियम पाळला होता, त्यात सांगण्यासारखं काय होतं?

सहा एकोणपन्नास.

"त्यांना तहान लागलेली असेल," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला. "तहानलेला माणूस एका दमात पितो, आई. केव्हाच झालं असेल त्यांचं."

फुसाएनं डोळे उघडले. लेकीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग बाटली तोंडाला लावली.

"कसं लागतंय?"

"पातळ पेजेत कुणीतरी लिंबाची आठवण काढल्यासारखं." ती पुन्हा प्यायली. "वाईट नाही. त्यांना मात्र गोड फारसं आवडायचं नाही."

सातला दोन मिनिटं कमी असताना कोनोसान आली. वय पंचविशीच्या आत, केसांना तीन क्लिपा.

"संपलं का, ओचीसान?" तिनं फुसाएला आडनावानं हाक मारून विचारलं.

"माझं संपलं. एक घोट नवऱ्याला दिला."

कोनोसाननं पेल्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे.

"त्यांच्यासाठी माझ्याकडे रकाना नाही," ती म्हणाली, आणि फोटोला मान लववून बाटली घेऊन गेली.

*

ऑपरेशन साडेअकराला संपलं. गाठ पूर्ण निघाली, डॉक्टर म्हणाले, आणि चिहारुनं त्यांना इतक्या वेळा वाकून नमस्कार केला की शेवटी तेच मागे सरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोनोसाननं फुसाएला उठवून बसवलं, उभं केलं. सलाइनचा खांब धरून फुसाए दोन पावलं चालली, थांबली, पुन्हा चालली. चाळीस वर्षं टॉवेलच्या गिरणीत मागांच्या मधून चालायची तशीच, कोपर अंगाशी घेऊन. खिडकीपर्यंत गेली तेव्हा पडद्यामागच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"दुखतंय?" चिहारुनं विचारलं.

"दुखतंय. पण अंगात जोर आहे." ती खिडकीच्या कठड्याला टेकली. कोनोसान दुसऱ्या पेशंटकडे गेली. "त्यांचा पेला उतरवलास का?"

"नाही. राहिला."

"कालपासून तसाच? अगं, दाखवलेलं घरातल्या माणसानं घ्यायचं असतं. मला आज हे लोक देणार नाहीत. तू घे."

चिहारुनं पेला उचलला, पण तोंडाला लावला नाही.

"त्या दिवशी," फुसाए क्रेनकडे बघत म्हणाली, "आधी त्यांनी माझ्याकडे मागितलं होतं. पाणी."

चिहारुनं पेला छातीशी धरला.

"माझ्याच्यानं नाही म्हणवेना. म्हटलं, चिहारुला विचारा. आणि टॉवेल घेऊन बाहेर गेले."

"तू तो ओला करायला गेली होतीस."

"नळ सोडून उभी होते. आत काय चाललंय ते ऐकू येऊ नये म्हणून." फुसाएनं खांबावरची पकड बदलली. "परत आले तेव्हा टॉवेल कोरडाच होता. तुझ्या लक्षात आलं नाही. त्यांच्या आलं. मला म्हणाले, चांगल्या ठिकाणी पाठवलंस, पोरगी भिंत आहे नुसती. आणि हसले."

"हसले?"

"भेगा होत्या ना ओठांना. दुखलं त्यांना हसताना."

खाली कारखान्याचा भोंगा झाला. चिहारुनं पेला एका दमात रिकामा केला. कोमट, गोड, मागे लिंबाची किंचित चव. मग ती बेसिनपाशी गेली आणि नळ सोडला. पेला धुतला आणि साध्या पाण्यानं काठोकाठ भरला.

"जेवढं सांडेल तेवढं कमी मिळेल त्यांना," फुसाए म्हणाली आणि खांब ढकलत परत निघाली.

तिच्याशेजारून चिहारुही चालू लागली, पेला दोन्ही हातांत धरून, तितक्याच हळू.