पोटोबाचं पोट बिघडलं

मी रुग्णालयामागची सांडपाण्याची टाकी बोलतेय. नाकाला रुमाल लावू नका, मी झाकणबंद आहे. माझ्यातल्या जंतूंना हवा मानवत नाही.

मला बांधून चौदा वर्षं झाली. येईल तो गाळ माझे जंतू पचवतात. काही त्याचं आम्ल करतात, काही त्या आम्लाचा गॅस. त्या गॅसवर वॉर्डांतलं अंघोळीचं पाणी तापतं. बाळंतिणीला ऊन पाणी मी देते, हे मी फुगून सांगते!

माझा ऑपरेटर मला 'पोटोबा' म्हणतो. मी बाईमाणूस, पण चालवून घेते.

यंदा मात्र माझं बिघडलं. गॅस करणारे जंतू मलूल पडले, आम्ल करणारे करतच राहिले. आंबटपणा वाढला, गॅस निम्म्यावर आला. रुग्णालयाचे साहेब म्हणाले, "महिन्याभरात सुधारली नाही तर टाकी बंद करू." चौदा वर्षांत पहिल्यांदाच मी घाबरले.

ऑपरेटरनं गाळ कमी सोडला, चुना घातला. गुण येईना. एका दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. ती इथल्याच औषधभांडारात कामाला आहे.

"तोंड का उतरलंय तुमचं?"

"पोटोबाचं पोट बिघडलंय."

"आमच्या पेशंटांचं अँटिबायोटिकनं बिघडतं, तसं?" ती हसली आणि तिनं हातातला डबा खाली ठेवला. "अहो, मुदत संपलेली अँटिबायोटिकची सिरपं मी मोरीत ओतते. त्या दिवशी चार खोकी ओतली. कचऱ्यात टाकली तर कुणीतरी उचलून पिईल ना! वरून भरपूर पाणीसुद्धा सोडलं."

त्यानं कपाळाला हात लावला. "अगं, ते पाणी जातं कुठं?"

तिचे डोळे भरले. मला तिचा राग आला नाही. बिचारीनं काळजीपोटीच केलं होतं.

त्या दिवसापासून जुनी औषधं कंपनीकडे परत जाऊ लागली. ऑपरेटरनं दुसऱ्या टाकीतला निरोगी गाळ आणून माझ्यात विरजणासारखा घातला. महिना संपता संपता गॅस पूर्वीइतका झाला. साहेबांनी मीटर दोनदा पाहिला आणि टाकी बंद करायची गोष्ट सोडून दिली. मी जिंकले!

पण एक गोष्ट मीटरवर दिसत नाही. त्या माऱ्यातून वाचलेले माझे काही जंतू आता त्या औषधाला भीक घालत नाहीत, आणि गाळाबरोबर बाहेर पडून ते माणसांपर्यंतही पोचू शकतात. म्हणून हात जोडून सांगते, उरलेलं औषध मोरीत ओतू नका. मला सावरायला महिना मिळाला. ज्याच्यावर औषध चालेनासं होतं, त्या तापाच्या पेशंटाला तेवढी उसंत नसते.