मजला रिकामा करा

अक्षताने नंदकुमारकाकांची खुर्चीच टेबलापासून मागे ओढली.

"काका, उठा! भोंगा ऐकू येत नाही का?"

भोंगा अख्ख्या अंधेरीला ऐकू जात होता. आगीची तालीम होती, खरी आग नव्हती, आणि म्हणूनच कोणी जागचं हलत नव्हतं. कुणाचा कॉल संपत नव्हता, कुणाला आधी चहा हवा होता. सतराव्या मजल्याची जबाबदारी अक्षताच्या गळ्यात मारलेली. मागच्या तालमीत हाच मजला नापास झाला, तेव्हा साहेबांनी तिला सगळ्यांदेखत झापलं होतं. आज कशीबशी सगळी मेंढरं जिन्याला लावली, तर राहिले अकाउंट्सचे नंदकुमारकाका. एरवी नियमाबाहेर पाऊल न टाकणारा माणूस आज खुर्चीला चिकटून बसला होता.

"अगो, आज मला सोड ना. गुडघा दुखतोय."

"सकाळी बसमागे धावताना पाहिलं मी तुम्हाला!"

"मी गप्प बसतो इथे. कुणाला कळणार नाही."

"खाली डोकी मोजतात. माझी वाट लागेल, काका. उठा म्हणजे उठा!"

ते उठले. तिच्याकडे न बघता जिना उतरू लागले.

खाली डोकी बरोबर भरली. साहेबांनी चक्क शाबासकी दिली. मग सगळे दरवाजाच्या यंत्राला कार्ड लावून परत आत शिरले. नंदकुमारकाका मात्र बाहेर झाडांच्या कठड्यावर जाऊन बसले.

"आता काय झालं?" अक्षता वैतागून म्हणाली.

त्यांनी आपलं कार्ड तिच्या हातात दिलं. तिने यंत्राला लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं, पुन्हा लाल.

"सकाळी आल्या आल्या एचआरने बोलावलं. नोकरी संपली म्हणाले. कार्ड तेव्हाच बंद केलं. संध्याकाळपर्यंत बसू देणार होते, पण बाहेर पडलो की झालं."

अक्षताला मघाच्या आपल्या ओरडण्याची लाज वाटली.

"वरून काही आणू?"

"डबा तेवढा आण. बायकोला अजून सांगितलं नाही. भरलेला घरी नेला तर द्रौपदी विचारणारच."

ती डबा घेऊन आली. त्यांनी झाकण उघडलं, कोलंबीचं सुकं बघितलं आणि डबा तसाच बाजूला ठेवला.

"घास उतरायचा नाही गो."

अक्षताचं जेवण मघाशीच झालं होतं. ती त्यांच्या शेजारी टेकली, डबा मांडीवर घेतला आणि भाकरी मोडली.