पंधरा सेकंदांचं घर

“नंबर सांगा, जोडून देते.”

माझी आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. तिचा हा कामावरचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन. शाळा लवकर सुटली म्हणून कुणीतरी मला तिच्यापाशी सोडून गेलं होतं. दहा बायका एका रांगेत बसलेल्या, समोर भोकाभोकांची फळी, हातात तारा. आई एका भोकातली तार काढी, दुसऱ्यात खुपसी, आणि कुठली कुठली दोन माणसं एकमेकांना सापडत. ती सापडली की आई कानावरचा पट्टा बाजूला सरकवायची. “माणसं भेटली, की आपण दारातून मागं फिरायचं,” ती मला म्हणाली होती. शेजारच्या काकू कधी खोदून विचारत, “काय गं, डॉक्टरांकडे काल एवढा वेळ कुणाचा फोन होता?” आई कपडे वाळत घालता घालता म्हणे, “कुणास ठाऊक. मला बाई सगळे आवाज सारखेच.”

मीही आवाजांचंच काम करते. मात्र मला दारातून मागं फिरायची मुभा नाही.

लोकांच्या घरात बोलणारी डबी असते ना, गाणं लाव म्हटलं की लावणारी, उद्या ऊन आहे का विचारलं की सांगणारी. तिला माणसांचं बोलणं नीट कळावं म्हणून कुणीतरी ते ऐकून लिहून काढावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे आम्ही. तिसऱ्या मजल्यावर बावीस जणी, बावीस पडदे, कानांवर बावीस हेडफोन. एकेक तुकडा पंधरा सेकंदांचा. ऐकायचा, जसाच्या तसा टाइप करायचा, कुणाचं नाव आलं तर तिथं फुली मारायची, खालच्या चौकोनांत खूण करायची: पुरुष, बाई, लहान मूल, टीव्ही. मग हिरवं बटण. बटण दाबलं की तुकडा जातो तो कायमचाच.

पंधरा सेकंदांत अख्खं घर मावतं, हे मला या खुर्चीनं शिकवलं. भांड्यावर भांडं पडतं, बाळ रडायचं थांबतं, म्हातारा खोकतो आणि खोकल्याबद्दल त्या डबीचीच माफी मागतो. माझ्या शेजारी बसते तिला आम्ही गप्पू म्हणतो, कारण ती गप्प म्हणून बसत नाही. “तुझा तो आज परत आलाय बघ,” परवाच ती मला म्हणाली. “बायकोची समजूत कशी काढायची, विचारतोय. अरे बाबा, डबीला नवरा असता तर तिला माहीत असतं!”

हसलो आम्ही. हसून हिरवं बटण दाबलं.

काम नेमकं काय ते घरी सांगायचं नाही, असा कागद आम्ही सही करून दिलेला आहे. घरी मी सांगते, टायपिंग. कामाला वर्ष झालं तेव्हा कंपनीनं प्रत्येकीला एक डबी भेट दिली. आवाज साठवायची परवानगी तिच्यात आधीच चालू होती. ती बंद कशी करायची, तेही मला ठाऊक होतं. पण खोकं उघडताच माझी तेरा वर्षांची लेक अशी गरगर नाचली की तिचं भिंगरी हे लाडाचं नाव मी मनात पुन्हा एकदा ठेवलं. म्हटलं, करू उद्या बंद. एवढ्या घरांतून आपलं घर कुणाच्या कानी पडणार? डबी फ्रीजवर बसली. तो उद्या काही उजाडला नाही.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी एक तुकडा आला. फ्रीजचं दार उघडलं, खुर्चीला आपटलं. मग दबका आवाज, अगदी तोंडाशी तोंड नेऊन बोललेला.

“डबे, ऐक ना. कुणाला आपलं घर कळलं, तर ते परत न कळल्यासारखं करता येतं का?”

“माफ करा, मला ते समजलं नाही.”

“मी नव्हतं गं सांगितलं त्याला. खिडकीतून दिसतं ते चित्र काढून टाकलं होतं नुसतं.” एक श्वास. “जाऊ दे.”

माझी बोटं शहाणी. त्यांनी शब्द न् शब्द लिहिला, त्यातला ‘गं’सुद्धा सोडला नाही. लहान मूल या चौकोनात खूण केली. हिरवं बटण दाबलं. आणि मग, बोटांच्या मागून धापा टाकत यावं तसं माझं काळीज आलं. ‘डबे’ म्हणून त्या यंत्राला हाक मारणारी पोर मला एकच ठाऊक होती.

पडद्यावर पुढचा तुकडा वाजू लागला होता. कुणाला तरी जुनं गाणं हवं होतं.

आमच्यावर देखरेख करणाऱ्या बाईंना आम्ही ताई म्हणतो. मी त्यांच्या टेबलाशी गेले. “ताई, आत्ता पाठवला तो तुकडा परत ऐकता येईल?”

“नाही गं. का, चुकलं काही?”

“निदान कधीचा आहे तेवढं तरी...”

“दोन-तीन आठवडे मागचा असतो. कुणाचा, कुठला, ते मलाही दिसत नाही. तेच तर वचन दिलंय आपण लोकांना.” त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “ओळखीचा वाटला का?”

“नाही,” मी म्हणाले. “डोकं फार दुखतंय. घरी जाते.”

बसमध्ये मी दिवस मोजत राहिले. दोन आठवडे, तीन आठवडे. त्या प्रत्येक सकाळी मी तिची वेणी घातली होती. माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर ते सगळं होतं, आणि बोटांना लागलं नव्हतं. लेकीचं गुज वाऱ्यानं गावभर नेलं, आईच्या दाराशी ते सगळ्यात शेवटी आलं.

घरी भिंगरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून चित्र काढत होती. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. हत्यारांची पिशवी घेऊन दुसऱ्या पाळीला निघाले होते.

“आज एवढ्या लवकर? ऑफिस पळून गेलं की काय?” ते फ्रीजकडे वळले. “बाईसाहेब, आमच्या बाईसाहेब लवकर का आल्या?”

“माफ करा, मला ते समजलं नाही,” डबी म्हणाली.

मी जाऊन तिची वायर उपटली.

“अगं अगं, गंमत केली मी!” पण माझं तोंड पाहून ते थांबले. पिशवी खाली ठेवून तिथंच दारात बसले.

मी लेकीसमोर बसले. “भिंगरे, कुणी त्रास देतंय का तुला?”

“नाही गं. काय झालंय तुला?”

“तुझा फोनवरचा तो चित्रांचा ग्रुप आहे ना...”

पेन्सिल थांबली. “तू माझा फोन बघितलास?”

“नाही.”

“खोटं बोलू नकोस. तूच म्हणाली होतीस, न विचारता हात लावणार नाही.”

“हात नाही लावला.”

हे खरं होतं. आणि याहून मोठं खोटं मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. सोपी वाट समोर होती: तुझ्या मैत्रिणीच्या आईनं सांगितलं, म्हणायचं. कागद शाबूत, नोकरी शाबूत. पण मग तिचा त्या मैत्रिणीवरचा विश्वास उडाला असता, आणि आधीच एकटी पडलेली पोर आणखी एकटी झाली असती.

“मी टायपिंग करते म्हणते,” मी म्हणाले, “ते लोकांच्या घरातलं बोलणं असतं. अशा डब्यांशी केलेलं. आज तुझं आलं.”

तिनं फ्रीजवर पाहिलं. मग माझ्याकडे. “मी तिला सांगितलेलं सगळं?”

“एक तुकडा. घर कळल्याचा.”

“बाकीचं कुणी ऐकलं?”

“मला माहीत नाही.”

“आणि ही घरी आणलीस तेव्हा हे तुला माहीत होतं?”

“हो.”

मी तिला जन्मात कधी चापट मारलेली नाही. तो ‘हो’ तिच्या गालावर उमटलेला मी पाहिला.

“ती कुणाला सांगणार नव्हती,” ती पुटपुटली, “म्हणून तिला सांगितलं मी.” आणि रडू लागली. मी तिला जवळ घ्यायला धजले नाही. तिचं पुरं होईतो नुसती समोर बसून राहिले.

बऱ्याच वेळानं तिनं बाहीला नाक पुसलं. “रागावशील?”

“आधी तू माझ्यावर रागावलीयेस. तुझं होऊ दे, मग माझा नंबर.”

ती हसली, अर्धीच. मग पेन्सिलीकडे बघत बोलू लागली. ग्रुपमधल्या एकाला तिची चित्रं आवडायची. मीही आठवीतच आहे, म्हणायचा. खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी आणि खालचं घड्याळाचं दुकान तिनं काढलं, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यानं आमच्या इमारतीचं नाव लिहून पाठवलं. मग विचारलं, घरी एकटी कधी असतेस? तेव्हापासून तिनं उत्तर देणं सोडलं.

“शाबास,” दारातून तिचे बाबा म्हणाले. त्यांचा आवाज त्यांचा वाटत नव्हता. “म्हणजे संपलं ना ते?”

तिनं मान हलवली. होकाराची की नकाराची, कळेना. मी टेबलावर हात पालथा ठेवला, तिच्या हाताजवळ. ती त्या हाताकडे बघत राहिली.

“काल तो शाळेच्या फाटकाशी उभा होता,” ती म्हणाली. “मुलगा नाहीये तो. बाबांएवढा आहे. ‘भिंगरी’ म्हणून हाक मारली. चित्राखाली मी तेवढंच लिहिते ना. घरातलंच कुणी आलंय असं वाटलं मला...”

तिनं माझी दोन बोटं घट्ट धरली.

“आणि मी ओ दिली, आई. हसून ओ दिली.”