खड्ड्याकाठचं अळू

भांडुपच्या आमच्या कारखान्यात मोठी मोटर सुरू झाली की प्रेस चालवणारं मायक्रोकंट्रोलर कार्ड बंद पडायचं. मी तीन कार्डं बदलली, फिल्टर लावले, शील्डवाल्या वायरी ओढल्या. डोक्याची मंडई झाली. शेवटी मागचा अर्थिंगचा खड्डा उघडला. कोरडा ठणठणीत! ओल नसेल तर मोटरीचा विजेचा कचरा जमिनीत जाणार कसा? काठचं अळूही वाळून गेलं होतं.

तिथे आमचे जुने कामगार सहदेवकाका रोज बादलीभर पाणी ओतायचे. कामाच्या वेळेत अळू पिकवतात, म्हणून त्यांना कामावरून काढून टाकलं होतं. त्या कागदावर सही माझीच होती.

मी त्यांना फोन लावला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, मी अळू खातसुद्धा नाही."