अर्धी स्ट्रिप

औषधाच्या दुकानात स्ट्रिप कापायची एक पद्धत असते. औषधाचं नाव, मुदतीची तारीख, लाल अक्षरातली सूचना हे सगळं ज्या अर्ध्यावर असेल, ते दुकानात ठेवायचं. कोरं अर्धं गिऱ्हाइकाला. बारा वर्षं मी अशीच कापत आले. मालक म्हणतात, बाईंचा हात झोपेतसुद्धा चुकणार नाही.

तो चुकला नाहीच. बारकीसाठी कापल्या तेव्हाही नाही.

बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. लग्नाला दोन वर्षं झाली तरी मुरमांनी तिचा पिच्छा सोडला नव्हता. आरशासमोर उभी राहून रडायची. म्हणून मीच तिला कॅप्सूल दिल्या, दर आठवड्याला अर्धी स्ट्रिप, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. दुसरी कुणी बाई याच कॅप्सूल न्यायला आली, की मी आवाज खाली करून विचारते, "दिवस जायची शक्यता नाही ना?" बारकीला नाही विचारलं. धाकट्या बहिणीला असलं कुठं विचारत बसायचं?

आज अकराच्या सुमारास ती काउंटरपाशी आली. डॉक्टरांकडून थेट इकडेच. कागद पुढे सरकवला आणि हसली.

"फॉलिक ॲसिड दे. आणि मावशी व्हायच्या तयारीला लाग."

"किती आठवडे?"

"सहा. अगं, गिऱ्हाइकाला विचारावं तसं काय विचारतेस?"

"त्या कॅप्सूल कधी संपल्या?"

"परवा. बघ ना चेहरा, आहे का एक तरी डाग?"

चेहरा खरंच नितळ होता. मी फॉलिक ॲसिडची अख्खी स्ट्रिप दिली, पिशवीत घातली, वर "सावकाश जा" म्हणाले. मला काहीच वाटत नव्हतं. वाटायला हवं, एवढं कळत होतं. नंतर एका आजोबांना खोकल्याचं औषध दिलं, एका बाईला थर्मामीटर. मग खण उघडला. उरलेलं अर्धं तिथंच होतं. त्याच्या मागच्या बाजूला पोट आलेल्या बाईचं चित्र, त्याभोवती लाल गोल आणि वर आडवी रेघ. हे चित्र न वाचता येणाऱ्यालाही कळावं म्हणून काढलेलं असतं.

दोनला दुकान बंद झालं. मी चालत तिच्या घरी गेले. ती वाटाणे सोलत होती. मी समोर बसून चार शेंगा सोलल्या आणि मग सांगितलं. या कॅप्सूलनी बाळ वेडंवाकडं घडू शकतं. डोकं, हृदय, कान. घडेलच असं नाही, पण आजच डॉक्टरांना कळायला हवं. मी सगळं काउंटरवर सांगते तसंच, त्याच आवाजात सांगितलं. स्वतःचीच शिसारी आली, तीही लांबून.

बारकीने हातातली शेंग खाली ठेवली. मग उठून सकाळचा कागद घेऊन आली. त्यावर डॉक्टरांनी लिहिलं होतं: चालू औषधं, काही नाही.

"मला विचारलं होतं गं त्यांनी. मी नाही म्हटलं. मला वाटलं, औषध म्हणजे आजारपणातलं."

"आता सांग."

"काय सांगू? नाव तरी कुठं माहीत आहे मला?"

नाव माझ्याकडे होतं. मी पर्समधून ते अर्धं काढलं, "काही नाही" वर रेघ मारली आणि शेजारी एकेक अक्षर बघून औषधाचं नाव लिहिलं. हात याही वेळी चुकला नाही. चपला घातल्या, तिच्याही पायांपुढे सरकवल्या.

"कुणी दिल्या म्हणून विचारलं तर?" बारकीने विचारलं.

"माझं नाव सांग."

"ते सकाळीच सांगितलंय," ती म्हणाली. "माझी ताई औषधाच्या दुकानात आहे, म्हटलं. चुकीचं काही पोटात जाऊच द्यायची नाही."